राख कुठे पडली, एवढे लिहून ठेवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव आणि धुळे
मा. आयुक्त, जळगाव आणि धुळे महानगरपालिका
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जळगाव आणि धुळे जिल्हा परिषद



सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे फाईल बाजूला सरकवण्याचा मोह होणार नाही. या पत्रात स्मारकाची मागणी नाही. भूखंड नको, निधी नको, पुतळा तर अजिबात नको. पुतळ्यांच्या बाबतीत आपले दोन्ही जिल्हे खाऊनपिऊन सुखी आहेत. मागणी एका वहीची आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून खानदेशातून जे जे निवडून गेले, ते खासदार, आमदार, नगराध्यक्ष, महापौर, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, त्यांच्यापैकी हयात नसलेल्यांचे अंत्यसंस्कार कुठे झाले याची एकेका ओळीची वही. नाव, पद, मृत्यूची तारीख, अंत्यसंस्काराचे ठिकाण. बस.

अमेरिकेत अशा याद्या लोक काउंटीनिहाय मोठ्या हौसेने करतात. कोणत्या दफनभूमीत कोणता सिनेटर आहे, कोणता न्यायाधीश, कोणता दोनदा पडलेला उमेदवार. वॉशिंग्टनमध्ये तर १८०७ सालापासूनची ‘काँग्रेशनल सिमेटरी’च आहे. पण त्यांचे काम सोपे आहे. ते पुरतात, वर दगड उभा करतात, दगडावर नाव कोरतात. शंभर वर्षांनी कुणी आले तरी गवत बाजूला करून वाचता येते. आपल्याकडे बहुतेकांचे दहन होते. तिसऱ्या दिवशी सावडायला जायचे, अस्थी तापी-गिरणेच्या संगमावर रामेश्वरला नाहीतर तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला सोडायच्या, आणि तोवर त्याच ओट्यावर दुसऱ्या कुणाची लाकडे रचली गेलेली असतात. दहन करणाऱ्या समाजात माणसाच्या शेवटच्या जागेचा पुरावा एका कागदावरच उरतो. तो कागद आपण कसा ठेवतो, हे आपण सगळे जाणतोच.

भुसावळचे उदाहरण घ्या. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलेला मेजर रॉबर्ट गिल १० एप्रिल १८७९ रोजी वारला आणि भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत पुरला गेला. त्याची कबर कुठे आहे हे आजही दाखवता येते. तिकडे अजिंठ्याला त्याची सहचारिणी पारो हिची कबर आहे, तिच्यावर २३ मे १८५६ ही तारीखसुद्धा आहे. गिल काही आपण निवडून दिलेला नव्हता. आपण निवडून दिलेल्या माणसांची मात्र अशी एक सलग यादी कुठल्या कचेरीत नाही. लोकसभेच्या सदस्य-परिचयात जन्मतारीख असते, शिक्षण असते, आवडीचे खेळसुद्धा असतात. अंत्यसंस्काराच्या ठिकाणाचा रकानाच नसतो. जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जळगावच्या १९६२ च्या आणि धुळ्याच्या १९७४ च्या खंडांत, कापसाच्या जाती सापडतील, ही गोष्ट सापडायची नाही.

आता आपण म्हणाल, मृत्यूची नोंद होतेच की. होते. पण तिथेच मेख आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, अंत्यसंस्कार जिथे झाले तिथे नाही. आणि आपले पुढारी बहुधा घरी मरत नाहीत. शेवटचे आजारपण मुंबईत, पुण्यात, नाशकात किंवा संभाजीनगरात निघते. माजी खासदार हरिभाऊ जावळे १६ जून २०२० रोजी कोरोनाने गेले ते मुंबईत. माणिकराव गावित १७ सप्टेंबर २०२२ रोजी गेले ते नाशकात. त्यांची नोंद त्या त्या शहराच्या दप्तरात पडते, दाखला तिथून मिळतो. मग रुग्णवाहिका निघते, रात्री उशिरा गावात पोचते, सकाळी वाजंत्री, फुलांचा ट्रॅक्टर, दुपारी अग्नी. गावच्या मृत्यू-रजिस्टरात यातले काहीच उमटत नाही. म्हणजे माणूस जितका मोठा, तितका त्याच्या मातीच्या गावात कागदावर कमी. गावातच खाटेवर गेलेल्या शेतमजुराची नोंद ग्रामपंचायतीत असते, गावाने चार वेळा विधानसभेत पाठवलेल्या माणसाची नसते.

त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये स्मशानभूमीच्या किंवा दफनभूमीच्या रखवालदारावरही मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणून शहरातल्या स्मशानात पावतीपुस्तक असते, रजिस्टर असते. जळगावात नेरी नाक्यावर गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेले असते, फक्त त्या वेळी कुणाचे लक्ष नसते. अशा रजिस्टराचे पान मी जवळून पाहिले आहे. अनुक्रमांक, तारीख, मयताचे नाव, वय, पत्ता, आणणाऱ्याचे नाव, सही. नावाच्या रकान्यात ‘पाटील’ एवढे स्पष्ट, पहिले नाव शाईत विरघळलेले. वयाच्या जागी ‘७० अंदाजे’. पद, व्यवसाय यांना जागाच नाही, आणि ते बरोबरही आहे. ओट्यावर पद कशाला लागते? खालच्या कोपऱ्यात ओल चढून पानाचा पापड झालेला. भरलेली रजिस्टरे कुठे जातात, असे विचारले तर उत्तर येते, ‘वर ऑफिसला.’ ऑफिसात विचारले तर, ‘खाली असतील.’ दोन्ही उत्तरे प्रामाणिक असतात.

शहराबाहेर एवढेही नाही. आपल्याकडे पुढाऱ्याला गावच्या स्मशानात नेण्यापेक्षा त्याच्या शेतात, त्याने काढलेल्या शाळेच्या मैदानावर, कारखान्याच्या आवारात अग्नी देण्याची पद्धत पडली आहे. महाराष्ट्रभर तेच आहे. २०१२ साली विलासराव देशमुखांना बाभळगावात, २०१४ साली गोपीनाथ मुंड्यांना परळीजवळ वैद्यनाथ कारखान्याच्या आवारात. भावना समजते, ज्या मातीत राबला त्या मातीत मिसळावे. पण शेतात पावती फाडणारे कुणी नसते. पुढे मुले तिथे ओटा बांधतात, फरशी बसवतात, वर्षश्राद्धाला तुळस लावतात. सातबारावर तो ओटा येत नाही. वाटण्या होतात, जमीन विकली जाते, नवा मालक ठिबकच्या नळ्या टाकताना ओटा आड येतो म्हणून काढतो. त्याला दोष देता येत नाही. त्याला कुणी सांगितलेलेच नसते की इथे कोण आहे. केळीच्या बागेत अशा किती फरशा असतील, ते तुमचे तलाठी सांगू शकतील. (सरकारने आता त्यांना ‘ग्राम महसूल अधिकारी’ केले आहे, गावात मात्र ते ‘आप्पा’च आहेत, आणि मला हे काम आप्पांकडूनच करून घ्यायचे आहे.)

वहीत कोण कोण येईल याचा नमुना पाहा, म्हणजे हा प्रकार किती रंगीत आहे ते कळेल. १९५२ साली जळगावातून हरि विनायक पाटसकर लोकसभेत गेले. केंद्रात कायद्याचे खाते सांभाळले, १९५६ चा हिंदू वारसा कायदा संसदेतून पार नेण्यात त्यांचा मोठा हात, पुढे मध्य प्रदेशचे राज्यपाल झाले. बापाच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा कायद्याने लिहून देणाऱ्यांपैकी तो एक माणूस, आणि त्याला निवडून देणाऱ्या जिल्ह्याच्या दप्तरात त्याची शेवटची ओळ नाही. त्याच निवडणुकीत भुसावळचे शिवराम रंगो राणे. धुळ्याकडे पश्चिम खानदेशातून शालिग्राम भारतीय. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यात पूर्व खानदेशने नौशेर भरुचा नावाच्या पारशी वकिलाला दिल्लीला पाठवले. खानदेशच्या काळ्या मातीतल्या शेतकऱ्यांनी एका पारशाला मते दिली, ही गोष्ट आज कुणाला सांगितली तर तो आधी आपल्याकडे नीट बघतो. पारशांत परंपरेने ना दहन ना दफन. आता ही नोंद वहीत कशी बसवायची? म्हणूनच मी ‘स्मशान’ असा रकाना मागत नाही, ‘ठिकाण’ असा मागतो. ठिकाण जिल्ह्याबाहेरचे असले तरी चालेल, पारशांचा दोखमा असला तरी चालेल.

१९६७ साली जळगावचे खासदार होते एस. एस. सय्यद. निवडणुकीच्या यादीत ही नुसती आद्याक्षरे. मुस्लिम कब्रस्तानात बहुतेक कबरी कच्च्या असतात, काही वर्षांनी तिथेच दुसरी खोदली जाते. तेव्हा पुरणाऱ्यांचे तरी टिकते, हा आपला समज अर्धाच खरा. लिंगायत, गोसावी, महानुभाव यांच्यातही पुरतात. ख्रिस्ती दफनभूमीत दगड असतो, पण वारस पुण्या-मुंबईला गेले की दगडाला वाली राहत नाही.

आणि नावांचा घोळ तर खानदेशात पाचवीला पुजलेला. उत्तमराव पाटील म्हटले की कोणते? एक डॉ. उत्तमराव पाटील, ज्यांचे नाव १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ इंग्रजांचा साडेपाच लाखांचा खजिना लुटणाऱ्या क्रांतिकारकांबरोबर घेतले जाते. दुसरे उत्तमराव लक्ष्मण पाटील, १९५७ साली धुळ्यातून भारतीय जनसंघाच्या तिकिटावर लोकसभेत गेलेले, त्या पक्षाच्या महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या खासदारांपैकी. मुलूख एक, नाव एक, राजकारणाच्या वाटा वेगळ्या. आणखी वीस वर्षांनी एखादा उत्साही कार्यकर्ता एकाच्या समाधीवर दुसऱ्याचा हार घालेल, आणि त्याला चूक दाखवायला हातात काही नसेल. नव्या इतिहासाची जी घाई सध्या सगळ्यांना झाली आहे, तिच्यावर एका ओळीच्या नोंदीसारखा उतारा नाही.

या वहीतून आणखी एक गोष्ट आपोआप लिहिली जाणार आहे. ती कुणाला आवडणार नाही, म्हणून आधीच सांगतो. आपल्या गावांत स्मशाने जातीजातींची आहेत. नदीच्या वरच्या अंगाला कुणाची, खालच्या अंगाला कुणाची, हे सांगावे लागत नाही. राखीव जागेवरून निवडून गेलेला आमदार, ज्याच्या प्रचाराच्या गाडीवर सगळे गाव चढले होते, तो शेवटी कोणत्या स्मशानात गेला? गावाच्या की वाड्याच्या? जिथे नेले तिथे शेड होते का, पावसाळा होता तर वर ताडपत्री धरावी लागली का? ‘ठिकाण’ हा साधा रकाना साठ-सत्तर वर्षांचा भरला की सार्वजनिक जीवनातली समता शेवटच्या शंभर पावलांत किती टिकली, ते समोर येईल. अधिकाऱ्यांना हे अडचणीचे वाटले तर मला आश्चर्य वाटणार नाही. तरीही तो रकाना गाळू नका. ‘मौजे अमुक येथे’ एवढ्यावर भागवू नका. स्मशानाचे गावात जे नाव आहे ते लिहा.

मी हा विषय काढला की दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक वेदान्ती : मेल्यावर सगळे सारखे, राखेला कसले पद? हे म्हणणारे लोकच दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या नावाच्या कमानीसाठी वर्गणी मागतात, ते सोडा. म्हणणे मला पटते. म्हणूनच नऊ वेळा लोकसभेत गेलेल्या माणिकरावांना आणि एकदाच नगराध्यक्ष झालेल्या एखाद्या विस्मृत गृहस्थाला वहीत सारखीच एक ओळ. दुसरे उत्तर एका म्हाताऱ्या पोलीस पाटलांनी दिले, अहिराणीत, तंबाखू मळता मळता : ‘आते कोणले ध्यानमा ऱ्हास, भाऊ?’ आणि मग त्यांनीच पुढच्या अर्ध्या तासात पंचक्रोशीतले सात जण कुठे जाळले ते बोट दाखवून सांगितले. एकाच्या वेळी लाकडे ओली होती, रॉकेल आणायला माणूस सायकलवर पाठवला होता, तेसुद्धा. त्यांच्या गावाचे रजिस्टर म्हणजे ते स्वतःच. त्याची दुसरी प्रत नाही.

काम तितके मोठे नाही, हेही सांगतो. जळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या जागा ११, धुळ्यात ५. तालुके तिकडे १५, इकडे ४. सगळ्या निवडणुका मोजून, परत परत निवडून आलेल्यांना एकदाच धरून, खासदार-आमदारांची नावे काही शेच्या पुढे जाणार नाहीत. ती यादी तुमच्याच निवडणूक शाखेत तयार आहे. ज्यांना शासकीय इतमामात निरोप दिला, त्यांचे कागद राजशिष्टाचाराच्या फायलीत आहेत. पोलिसांच्या तुकडीने हवेत फैरी झाडायला कुठे उभे राहायचे, हे कुणीतरी लेखी कळवलेच असणार. बाकीच्यांसाठी पोलीस पाटील, कोतवाल, सरण रचणारे हात, आणि घरचे लोक. वर्तमानपत्रातल्या निधन वार्ता कामाला येतील, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. ‘अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल’ असे त्यात हमखास असते. ती कुठे पोचली, ते नसते. द्वारदर्शनाची वेळ, गंधमुक्तीची तारीख, मागे किती मुले-सुना-नातवंडे, सगळे असते; जागा तेवढी गृहीत धरलेली.

२०२० आणि २०२१ ची नोंद आधी करा. त्या दिवसांत अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती, आणि कितीतरी जणांना तेवढीही लाभली नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत आणून पालिकेच्या कामगारांनीच अग्नी दिला. आयुष्यभर ज्याच्या मागे जीपगाड्यांची रांग असायची, त्याच्या शेवटच्या क्षणाला साक्षीदार म्हणून पीपीई किट घातलेले चार कामगार. ते बहुतेक कंत्राटी होते. ठेकेदार बदलला, माणसे पांगली. आज शोधली तर ती सापडतील, उद्या नाही.

एक भीती मात्र मलाही आहे. नोंद झाली की पाठोपाठ चौथरा येतो, चौथऱ्यामागे जयंती, जयंतीमागे मंडप आणि मंडपामागे अतिक्रमण. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवाजी पार्कवर बाळासाहेब ठाकऱ्यांना अग्नी दिला, तिथल्या तात्पुरत्या चौथऱ्यावरून पुढचा महिनाभर काय चालले होते ते आपल्याला आठवत असेल. दिल्लीने या रोगावर २०१३ साली इलाज काढला : प्रत्येकाला वेगळे स्मारक न देता यमुनेकाठी एक सामाईक राष्ट्रीय स्मृतिस्थळ. आपल्याकडेही वहीच्या पहिल्याच पानावर छापा की या नोंदीमुळे कोणत्याही जमिनीवर कोणताही हक्क निर्माण होत नाही. सरकारी भाषेत ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले लिहाल. आणि घरच्यांनी नको म्हटले तर सर्व्हे नंबर लिहू नका, गावापाशी थांबा.

वहीच्या शेवटी काही पाने कोरी ठेवा, कारण पदांच्या यादीत न मावणारी माणसे या मातीत फार झाली. १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणारे कॉम्रेड शरद पाटील १२ एप्रिल २०१४ रोजी धुळ्यात गेले. आमदारकी-खासदारकी त्यांच्या वाट्याला आली नाही. विधानसभेत कित्येक वर्षे बसलेल्यांपेक्षा त्यांनी या जिल्ह्याला जास्त विचार करायला लावला, असे माझे मत आहे, आणि ते मी बदलणार नाही. कुणाला घ्यायचे यावर वाद होतील. होऊ द्या; वाद घालायला तरी लोक जुनी नावे काढतील. लोक मनावर घेतात तेव्हा काय होते, हे लळिंगच्या लांडोर बंगल्यात दिसते. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे मुक्कामाला होते. नुसत्या मुक्कामाची ही आठवण, आणि दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. सरकारने काही सांगितले म्हणून ते येत नाहीत. ज्यांच्या मागे अशी माणसे नाहीत, त्यांच्यासाठी सरकारची वही.

शेवटी वही ठेवायची कुठे? जिल्हाधिकारी कार्यालयात एक प्रत राहीलच, पण तेवढ्यावर माझा भरवसा नाही. रेकॉर्ड रूम दुसऱ्या इमारतीत हलवताना काय होते ते आपणही पाहिले असेल. म्हणून जळगावात व. वा. जिल्हा वाचनालयात एक प्रत द्या, धुळ्यात गरुड वाचनालयात एक. आणि एक राजवाडे संशोधन मंडळात. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. दारोदार फिरून, माळ्यावरचे, उंदरांनी कुरतडलेले कागद गोळा करण्यात त्यांची हयात गेली, आणि त्यांच्या मागे लगेच १९२७ साली गावाने ते मंडळ उभे केले. त्या कपाटांत आणखी एक वही सहज मावेल.

आप्पांना पत्र पाठवताना उत्तराची मुदत जरूर घाला. नाहीतर ते पुढच्या पीक-पाहणीपर्यंत टेबलावरच राहील.

आपला,
खानदेशातला एक मतदार